सोबतीची मूठ

गोंदियाच्या बाजार समितीत नत्थूलाल चौतीस वर्षं मापाडी होता. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा धान व्यापाऱ्याला मापून देणारा माणूस. दोघांच्या मधोमध उभा राहणारा, आणि म्हणून दोघांच्याही शिव्या खाणारा. नत्थूलालच्या वाट्याला मात्र शिव्या फारशा आल्या नाहीत. "नत्थूलालनं मापलं" असं कोणी म्हटलं की पुढची वादावादी आपोआप थांबायची. कधी एखादा नवखा व्यापारी काट्याजवळ येऊन हळूच डोळा मिचकावायचा, तर नत्थूलाल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "डोऱ्यात काही गेलं काय जी?" भोवतालचे हमाल हसायचे आणि त्या व्यापाऱ्याचा डोळा कायमचा बरा व्हायचा.

अंगानं काटकुळा, डोक्याला टोपी, शर्टाच्या खिशावर समितीचा बिल्ला. पोतं नुसतं हलवून तो वजन सांगायचा आणि ते पाव किलोच्या आत बरोबर निघायचं. इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा बाकीचे मापाडी रुसून बसले. नत्थूलालनं घरून पाच किलोचं जुनं लोखंडी वजन आणलं, आठ दिवस रोज सकाळी त्या काट्यावर ठेवून पाहिलं आणि नवव्या दिवशी जाहीर केलं की काटा प्रामाणिक आहे. काट्याला प्रमाणपत्र मिळालं, असं लोक म्हणाले. त्याला त्याच्या मापाचा गर्व होता, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

घरची रीत मात्र वेगळी होती. हे घराणं पोवारांचं. पूर्वज माळव्यातून आले हे घरातलं लहान लेकरूही सांगतं. कोण आलं आणि केव्हा आलं हे विचारलं की मग एकेकाचं वेगळं निघतं. नत्थूलालची आजी सांगायची की माळवा सोडताना शेजारपाजाऱ्यांनी आपापल्या कोठीतली एकेक मूठ आपल्या बियाण्यात टाकली, परक्या मुलखात बियाण्याला एकटं वाटू नये म्हणून. खरंखोटं आजीलाच ठाऊक. पण तेव्हापासून या घरातून काहीही गावाबाहेर जायला निघालं, की माप पुरं झाल्यावर वर घरची एक मूठ पडायची. तिला घरात 'सोबत' म्हणत. लेकीच्या सासरी तांदूळ निघाले, टाका सोबत. पाहुण्याला लाखोळीची डाळ बांधून दिली, टाका सोबत. बाजार समितीत हे चालत नव्हतं, तिथं माप म्हणजे माप. घरचं माप मात्र सोबतीशिवाय कधी उंबऱ्याबाहेर गेलं नाही.

या घरात ओमेश्वरी सून म्हणून आली ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन. नत्थूलालचा मुलगा उमेंद्र बिरसीला, विमान चालवायला शिकवतात त्या शाळेच्या कार्यालयात नोकरीला, आणि गावही बिरसीच्या अलीकडेच, गोंदियाच्या वाटेवर. सासू फुलवंताबाईनं सुनेच्या शिक्षणाबद्दल एकच प्रश्न विचारला होता, "शिकली तं शिकली, भात मोकळा करते ना?" भात मोकळा होत होता, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही.

मग एका उन्हाळ्यात फुलवंताबाईनं गच्चीवर वाळत टाकलेल्या कुरड्या काळ्या झाल्या. गोंदियाच्या भोवती राइस मिली पावलोपावली. धान भरडला की वरचा भुसा उरतो, तो भुसा मिलवाले बॉयलरमध्ये जाळतात, त्या वाफेवर उसना, म्हणजे उकडा, तांदूळ तयार होतो, आणि मागे उरते राख. ती ट्रॅक्टरनं नेऊन रस्त्याच्या कडेला ओतायची, मग वारा ती घरोघर पोचवतो. फुलवंताबाई मिलवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत बसली. सुनेनं कुरड्यांवरची राख कागदाच्या पुडीत बांधली आणि ती शिकवायला जायची त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. संशोधनाची कारणं पुस्तकात मोठमोठी लिहिलेली असतात; या संशोधनाचं कारण कुरड्या होतं.

त्या राखेत सिलिका असते, ही गोष्ट जगाला आधीच माहीत होती. टायरच्या रबरात घालायला ती लागते, आणि एरवी ती वाळू वितळवून काढतात, त्याला बेसुमार इंधन जाळावं लागतं. पण मिलच्या बॉयलरची आग फार भडक. तेवढ्या आगीत राखेतली सिलिका कडक होऊन बसते आणि कोणाच्या कामाची राहत नाही. ओमेश्वरी ईश्वरदास सेठच्या मिलमध्ये गेली. सेठ राइस मिल असोसिएशनचे अध्यक्ष, बोलायला गोड, पैसा सोडायला कडू. त्यांच्या बॉयलरच्या मिस्त्रीला हाताशी धरून तिनं हवेच्या झडपा बदलल्या, आच मंद केली, वाफ तेवढीच राहील असं जमवलं. यात तीन वर्षं गेली. दोनदा बॉयलर बंद पडला आणि सेठनं दोन्ही वेळा तिला "बहनजी, अब बस" म्हणून सांगितलं, तिनं दोन्ही वेळा ऐकलं नाही. तिसऱ्या वर्षी बारा मिली मंद आचेवर चालू लागल्या आणि राख अशी निघू लागली की ओमेश्वरी ती बोटांवर घेऊन बघत राहायची.

ही गोष्ट फिरत फिरत युरोपातल्या एका कंपनीपर्यंत पोचली. तिला भुशाच्या राखेपासून सिलिका करायचा कारखाना काढायचा होता, आणि दोन जागा तिच्या मनात होत्या. एक व्हिएतनाममध्ये, एक गोंदियात. झालं, मुंबईहून अधिकारी आले, नकाशे आले, औद्योगिक वसाहतीतली जागा दाखवून झाली. परदेशी उद्योग देशात यावा म्हणून त्यांनी पडद्यावर गोंदियाची चित्रं दाखवली, ती इतकी देखणी होती की बघणाऱ्या गोंदियावाल्यांनाच तिथं राहायला जावंसं वाटलं. कंपनीच्या माणसांनी ती शांतपणे पाहिली आणि आपल्या दोन अटी सांगितल्या. बाराही मिलींची राख एकसारखी पाहिजे. आणि बॉयलरमध्ये भुशाशिवाय दुसरं काही जळता कामा नये, लाकूड तर मुळीच नाही. नागझिऱ्याचं जंगल इथून फार लांब नाही, ते म्हणाले, आणि आमची गिऱ्हाइकं पहिलं तेच विचारतात.

कारखाना आला तर दोनशे माणसांना काम होतं. प्रयोगशाळेची प्रमुख कोण होणार हे कोणी लिहून दिलं नव्हतं, पण ओमेश्वरीशिवाय दुसरं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. नत्थूलाल बाजारात कोणी विचारलं नाही तरी सांगायचा, "आमच्या बाईनं राखेचं सोनं केलं." घरात मात्र सुनेसमोर त्यानं हे कधी म्हटलं नाही. सासऱ्यानं सुनेची तोंडावर तारीफ करायची नसते, असं त्याला वाटायचं.

नमुने पाठवायचा दिवस आला. बाराही मिलींची राख असोसिएशनच्या गोदामात बारा पोत्यांमध्ये आली होती. ओमेश्वरीनं सकाळपासून एकेक पोतं पसरून, कालवून, चौथाई करून, म्हणजे चार वाटे पाडून त्यातले दोनच पुढे घेत, ठेवलं होतं. आता फक्त प्रत्येकातली दोन किलो राख पिशवीत भरायची, सील लावायचं, चिठ्ठी चिकटवायची. तेवढ्यात जिल्ह्याच्या कार्यालयातून फोन आला. मुंबईचे पाहुणे बिरसीच्या विमानतळावर उतरत आहेत, इंग्रजीत नीट समजावून सांगणारं कोणी नाही, ताबडतोब या. कुरिअरची गाडी चार वाजता निघणार होती. ओमेश्वरीनं नत्थूलालला बोलावून घेतलं.

"मामाजी, दोन किलो. बारा पिशव्या. मापायच्या अन् सील करायच्या. तुमच्याशिवाय कोणावर सोडू?"

नत्थूलालचं मन भरून आलं. लग्न होऊन आल्यापासून सुनेनं त्याला चहा दिला, औषध दिलं, मोबाइल लावून दिला. त्याचं काम त्याला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

तो खाली बसला, काटा पुसला, घरून आणलेलं लोखंडी वजन ठेवून तपासला. पहिली पिशवी भरली. काट्यावर आकडा आला दोन किलो, वर शून्य, शून्य, शून्य. त्यानं सील हातात घेतलं आणि त्याला कसंतरी झालं. ही काही बाजार समितीतली पोती नव्हती. हे त्याच्या घरचं होतं, सुनेच्या हातचं, तीन वर्षांच्या मेहनतीचं, आणि जाणार होतं समुद्रापलीकडे, जिथं या घरातलं काही कधी गेलं नव्हतं. ते असं कोरडं, एकटं धाडायचं? त्यानं बाराही पिशव्या मापून घेतल्या आणि सील न लावता तशाच ठेवल्या. मग सायकल काढली आणि घरी गेला.

फुलवंताबाई चुलीची राख फडक्यानं गाळून डब्यात ठेवायची. बांधावरची बाभूळ आणि तुरीची वाळकी झाडं जाळून झालेली, पिठासारखी पांढरी राख. भांडी घासायला ती, आणि मूग-तुरीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून त्यात मिसळायलाही तीच. त्या घरात यापेक्षा चांगली राख नव्हती. नत्थूलालनं डबा पिशवीत घातला, बायकोला विचारलंही नाही, आणि गोदामात येऊन बाराही पिशव्यांत एकेक मूठ टाकली. मूठ सारखी पडली, चौतीस वर्षांचा हात होता. मग सील लावलं. आपण नीट काम केलं म्हणून तो खरोखर खुशीत होता.

साडेतीनला ओमेश्वरी धावतपळत आली. फॉर्मवर सही करताना म्हणाली, "मामाजी, इथं लिहिलं आहे का पिशव्या माझ्यासमोर भरल्या. तुमी भरल्या म्हणजे माझ्यासमोरच भरल्या." नत्थूलालनं मान हलवली. गाडी गेली.

दीड महिन्यानं कंपनीचं पत्र आलं. बाराही नमुन्यांमध्ये कॅल्शियम असायला हवं त्याच्या तिप्पट आहे, पोटॅशियमही तसंच वाढलेलं. अशी राख लाकडाची असते. बाराही ठिकाणी ती जवळपास सारख्याच प्रमाणात आहे, म्हणजे तुमच्या मिलींमध्ये नियमितपणे लाकूड जळतं. सबब आम्ही पुढं जाऊ शकत नाही. शेवटी एक किरकोळ नोंद होती. प्रत्येक पिशवी दोन किलोपेक्षा साठ-सत्तर ग्रॅमनं जास्त भरली आहे.

असोसिएशनच्या बैठकीत मिलवाले एकमेकांवर तुटून पडले. "हमारे यहाँ एक लकड़ी नहीं जलती," ईश्वरदास सेठ म्हणाले, तेच बाकीच्या अकराजणांनीही म्हटलं, आणि प्रत्येकाला दुसऱ्या अकराजणांचा संशय आला. कोणी म्हणालं, ओमेश्वरीबाईंनी आपल्याला तीन वर्षं उल्लू बनवलं. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मागच्या अंगणात हात धुता धुता तिनं सगळं सांगितलं, कॅल्शियम, लाकूड, साठ ग्रॅम.

"बारा मिली एकाच दिवशी लाकूड कसं जाळतील, मामाजी? अन् सारखंच? मले काही समजून नाही राहिलं."

शेजारी फुलवंताबाई त्या डब्यातली राख घेऊन पातेलं घासत होती. नत्थूलालनं त्या राखेकडे पाहिलं, आणि साठ ग्रॅम म्हणजे किती हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. ती त्याची मूठ होती.

तो त्या संध्याकाळी जेवला, पण काय जेवला ते त्याला आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात गेला आणि एका शेतकऱ्याची बारा पोती मापता मापता दोनदा आकडा विसरला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बोललो नाही तर कोणाला कळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. कारखाना व्हिएतनामला जाईल, लोक चार महिने हळहळतील आणि विसरतील. बोललो, तर सुनेची सही खोटी ठरेल. माझ्यासमोर भरल्या, असं तिनं लिहून दिलं होतं, आणि ती बिरसीला होती. गप्प राहिलं तर तिची तीन वर्षं जात होती, आणि तोंड उघडलं तर तिची पत. त्याला स्वतःची लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, आणि या वयात सुनेची भीती वाटावी याची आणखी लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओमेश्वरी अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. नत्थूलाल तिच्यापासून थोडं दूर, पायरीवर बसला.

"बाई, ती राख आपल्या घरची होय."

"कोणती?"

"लाकडाची. बाराही पिशव्यांत मी एकेक मूठ टाकलो. सोबत म्हणून."

ओमेश्वरीनं सूप खाली ठेवलं. 

"काऊन टाकले तुमी? मी दोन किलो म्हणली होती. दोन किलोच म्हणली होती ना?"

"दोन किलोच म्हणली होती."

"तीन वर्षं, मामाजी."

"माहीत आहे मले."

त्यानं आपली बाजू मांडली नाही. आजी, माळवा, समुद्रापलीकडचा मुलूख, यातलं काहीच बोलला नाही. ओमेश्वरी उठली, आत गेली, पाणी पिऊन परत आली. तिला राग आला होता आणि तो लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"मी लिहिते का गोदामात कशाची तरी राख सांडली," ती म्हणाली. "नमुने खराब झाले, परत घ्या. तुमचंही नाव नको अन् सहीचीही गोष्ट नको."

"मंग परत घेतील?"

"घेतील नाही तं नाही घेतील."

"तुले जे बरं वाटते ते लिही," नत्थूलाल म्हणाला. "फक्त मले कोणी विचारलं तं काय सांगाचं, ते आतापासून शिकवून ठेव. मले खोटं नीट सांगता येते का नाही, हे मी अजून पाह्यलोच नाही."

ओमेश्वरीला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. तिनं पदरानं डोळे पुसले, सूप उचलून ठेवलं आणि लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसली. दुपारपर्यंत ती लिहीत होती, खोडत होती. मग तिनं नत्थूलालला बोलावून ते पत्र मराठीत वाचून दाखवलं. पिशव्या भरताना मी हजर नव्हते. मी खोटी सही केली. माझ्या सासऱ्यांनी घरच्या रीतीप्रमाणे...

"सासरा कायले लिहिली?" नत्थूलालनं तिला थांबवलं. "सासरा म्हणलं का ते म्हणतील, घरचा म्हातारा आहे, चुकला. मापाडी लिही. लायसनवाला. मले माप समजते म्हणूनच तू मले बसवली होती."

ओमेश्वरीनं त्याच्याकडे पाहिलं, सासरा खोडलं, आणि परवानाधारक मापाडी असं लिहून पत्र पाठवलं.

मिलवाल्यांनाही तिनं स्वतः जाऊन सांगितलं. ईश्वरदास सेठ पहिल्यांदा चिडले, मग लाकडाचा आळ गेला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला, मग पुन्हा चिडले. कंपनीचं उत्तर चार दिवसांनी आलं, एका ओळीचं. आमची व्यक्ती येत आहे.

ती व्यक्ती म्हणजे हेलेना नावाची पन्नाशीची बाई. तिनं दोन दिवस बाराही मिली पालथ्या घातल्या. बॉयलरवर चढली, मागच्या अंगणांमध्ये लाकडाचे ढीग शोधले, स्वतःच्या हातानं राख घेतली आणि स्वतःच सील लावलं. तिसऱ्या दिवशी ती नत्थूलालच्या घरी आली. चूल पाहिली. फुलवंताबाईकडून राखेचा डबा मागून घेतला आणि त्यातलीही एक पिशवी भरली. नमुना क्रमांक तेरा. गावातल्या निम्म्या बायका दारात जमल्या होत्या आणि परदेशातून आलेली बाई चुलीतली राख कशाला नेते, यावर प्रत्येकीचं वेगळं मत होतं.

चहा झाला. हेलेनानं नत्थूलालला एकच प्रश्न विचारला, ओमेश्वरीनं तो मराठीत सांगितला. तुम्ही अजून अशी मूठ टाकता का?

"घरच्या तांदळात टाकतो," नत्थूलाल म्हणाला. "तुमच्यात नाही टाकणार."

हेलेनानं ते वहीत लिहून घेतलं. तिला हे सगळं गोड वगैरे वाटलं असेल असं चेहऱ्यावरून दिसलं नाही. निघताना तिनं ओमेश्वरीला बाजूला घेतलं. ती काय म्हणाली ते ओमेश्वरीनं रात्री नवऱ्याला सांगितलं, आणि उमेंद्रनं बापाला. ती म्हणाली होती, त्यांची मूठ मी समजू शकते, तुमची सही मी समजू शकत नाही.

महिन्यानं निकाल आला. बाराही मिलींची राख उत्तम निघाली, आणि तेरावा नमुना पहिल्या पिशव्यांतल्या भेसळीशी तंतोतंत जुळला. कारखाना गोंदियात होणार होता. सेठ स्वतः पेढे घेऊन आले, गावात फटाके वाजले. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात ओमेश्वरीबद्दल लिहिलं होतं. दोन वर्षं तिला प्रयोगशाळेत घेता येणार नाही आणि साक्षीदार म्हणून तिची सही कुठंही चालणार नाही. तिची इच्छा असेल तर फाटकाशी, येणाऱ्या मालाचे नमुने भरण्याचं काम आहे. ती भरेल, साक्षीला दुसरं कोणी उभं राहील.

फुलवंताबाईनं पेढ्यांचा डबा बाजूला सारला. "इतकी शिकून पिशव्या भरते काय ती? अन् कारखाना कोणी आणला?"

नत्थूलालनं हातातला पेढा खाली ठेवला. तो सुनेला म्हणाला, "नोको जाऊ. कॉलेजात नोकरी आहे तुही. माह्या मुठीपायी फाटकावर नोको बसू."

"मुठीपायी नाही, मामाजी. सहीपायी," ओमेश्वरी म्हणाली. "कॉलेजमंदी मले कोणी काही म्हणत नाही, तिथं मी विसरून जाईन. अन् राख माझी आहे. ती आत जाते तं मी फाटकावर तरी राहते."

पुढच्या हंगामात, नवा धान मिलींवर येऊ लागला तेव्हा, कारखान्याचा पहिला टप्पा सुरू झाला. नत्थूलालनं चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी बँकेत जातो असं बायकोला सांगून तो सायकलनं वसाहतीत गेला. फाटकाबाहेर राखेच्या ट्रकांची रांग होती. आत, तारेच्या कुंपणाला लागून पत्र्याची शेड होती. तिथं ओमेश्वरी हातमोजे घालून, डोक्याला जाळी बांधून काट्यासमोर बसली होती. शेजारी अंजू नावाची मुलगी उभी होती, नागपूरहून आलेली, बी.एस्सी. होऊन वर्ष झालं नव्हतं. ती साक्षीदार होती.

ट्रक ड्रायव्हर, हमाल, वजनकाट्यावरचा कारकून, सगळे त्या दोघींना बघत होते, आणि सगळ्यांना माहीत होतं की बसलेली बाई उभ्या मुलीपेक्षा दुप्पट शिकलेली आहे. नत्थूलाल कुंपणाबाहेर एका ट्रकच्या आडोशाला थांबला. तिनं आपल्याला पाहू नये असं त्याला वाटत होतं. तरी तिचा हात बघण्यावाचून त्याला राहवत नव्हतं. हात चांगला होता. घाई नव्हती, सांडलवंड नव्हती.

पिशवी भरत आली. अंजूच्या एका हातात फॉर्म होता, दुसऱ्या हातात फोन, आणि तिची नजर फोनवर होती. काट्यावर दोन किलो आल्याचा आवाज झाला तसं तिनं न बघताच पेन काढलं.

"अंजू, इकडं पाह्य," ओमेश्वरी म्हणाली. "पाह्यलं नाही तं सही करू नोको."

"दीदी, तुम पर भरोसा है ना."

"माझाही होता."

तिनं पिशवी उचलली, सगळी राख परत पोत्यात ओतली, काटा शून्यावर आणला आणि पहिल्यापासून भरायला घेतली. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, तिनं वर पाहिलं नाही. अंजूनं फोन खिशात टाकला आणि काट्याजवळ येऊन उभी राहिली. पिशवी दुसऱ्यांदा दोन किलोवर येईपर्यंत नत्थूलाल तारेपाशी थांबला, मग सायकल घेऊन घरी गेला.